अकरावी वस्तू

"ताडपत्री एक. दोर एक. बादली एक, मग एक." आमचा स्वयंसेवक पिशवीतून एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवत होता आणि मोठ्याने तिचं नाव घेत होता. मी रजिस्टर घेऊन शेजारी बसले होते. "साबण. टॉर्च. ब्लँकेट, चटई, भांड्यांचा सेट. पाण्यात टाकायच्या गोळ्या. सॅनिटरी पॅड, पाकीट एक. झाल्या अकरा. मोजून घ्या ताई, मग सही."

टेबलासमोर मंजुळा उभी होती. वय तेवीस-चोवीस, कडेवर मुलगी. नवरा नाशिकला बांधकामावर, रेशनकार्ड वेगळं, म्हणून रांगेत ती स्वतः आली होती. तिच्या मागे सासरा आणि त्याच्या मागे दोन दीर. अकराव्या वस्तूचं नाव घेतल्याबरोबर आश्रमशाळेच्या त्या हॉलमधल्या सगळ्या पुरुषांना एकदम छताचे पत्रे बघावेसे वाटले. मंजुळाने सही केली, दहा वस्तू पिशवीत भरल्या आणि ती वळली. पाकीट टेबलावरच राहिलं.

"अगं, हे राहिलं," मी तिला हाक मारली, आणि पाकीट वर धरून दाखवलं.

ती परत आली, पाकीट घेतलं, पदराखाली धरलं आणि मान खाली घालून गेली. मला वाटलं, मी किती बारीक लक्ष ठेवून काम करते.

माझी ओळख सांगते. मी देवरे. माहेर कळवण, सासर नाशिक. सातपूरच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं परचेस आणि स्टोअर्समध्ये काढली. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून गंगापूर रोडवरच्या एका लहानशा संस्थेत लागले. ही संस्था आपत्तीच्या वेळी लागणारं सामान आधीच जमवून ठेवते. माझं काम तेच जुनं. माल घेणं, मोजणं, ठेवणं आणि वाटणं.

किट म्हणजे एका कुटुंबाला घर सोडून आठवडाभर राहायची वेळ आली, तर लागेल एवढं सामान एका पिशवीत. त्याची एक ठरलेली यादी असते. जूनच्या आधी या पिशव्या डोंगराकडच्या गावांत नेऊन ठेवायच्या, कारण पाऊस लागला की आमचा टेम्पो घाट चढत नाही. याला आमच्याकडे प्री-पोझिशनिंग म्हणतात. मी त्याला आधी नेऊन ठेवणं म्हणते. लोकांना माझंच लवकर समजतं.

पॅड त्या यादीत माझ्यामुळे आले होते. यादी ठरवायच्या मीटिंगमध्ये आमचे डायरेक्टर म्हणाले होते, "मॅडम, याची खरंच गरज आहे का? चार-पाच दिवसांचा तर प्रश्न असतो."

सर मुळात पाटबंधारे खात्यातले इंजिनिअर. माणूस सज्जन, पण त्यांच्या नकाशात बायका नसतात.

मी म्हणाले, "सर, या चार-पाच दिवसांत कोणाला पाळी येणार नाही, असं लेखी आणून द्या. मी लगेच यादीतून काढते."

टेबलाभोवती सहा पुरुष होते. सगळ्यांनी आपापल्या चहाच्या कपात बघितलं आणि पॅड मंजूर झाले. त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःवर खूश होते. मुलीला फोन करून सगळं सांगितलंसुद्धा.

राहिलं पिशवी उघडून, मोजून द्यायचं. तोही माझाच नियम. त्याच्या आदल्या वर्षी एका गावात पिशव्या बंदच वाटल्या, आणि नंतर निम्म्या लोकांनी टॉर्च नव्हता म्हणून सांगितलं. खरं कोण, खोटं कोण, शेवटपर्यंत कळलं नाही. कारखान्यात माझ्या हाताखालून न मोजलेला एक स्क्रू कधी बाहेर गेला नव्हता. तेव्हा मी ठरवलं, प्रत्येक पिशवी घेणाऱ्यासमोर उघडायची, प्रत्येक वस्तूचं नाव घ्यायचं आणि मग सही. सर या नियमावर खूश होते. ऑडिटरही होता.

तर त्या वर्षी पेठ तालुक्यात चार दिवस पाऊस थांबला नाही, आणि एका पाड्याच्या डोक्यावरच्या उताराला लांब भेग पडली. पाड्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या बायांनी हे वाचलं तर त्या मला ओळखतील, तेवढं पुरे. तहसीलमधून माणसं आली आणि चौसष्ट कुटुंबं दीड किलोमीटरवरच्या आश्रमशाळेत हलवली. पाड्याच्या वाटेवर दोरी बांधली आणि तिथे तलाठी भाऊसाहेब छत्री घेऊन उभे राहिले. दोरीपलीकडे कोणी जायचं नाही, असा हुकूम होता. आमच्या पिशव्या शाळेच्या एका खोलीत मे महिन्यापासून ठेवलेल्या होत्या. मी निरोप मिळताच नाशिकहून निघाले, दुपारी पोहोचले आणि संध्याकाळच्या आत चौसष्ट पिशव्या वाटून मोकळी झाले. एकही वस्तू कमी निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोअरच्या खोलीची खिडकी उघडायला गेले, तर बाहेरच्या कट्ट्यावर पॅडची पाकिटं रचून ठेवलेली. अगदी व्यवस्थित, वीट रचावी तशी. वरून कोणीतरी रिकामं गोणपाट टाकलं होतं, भिजू नयेत म्हणून. मोजली. एकसष्ट.

उरलेल्या तीन पाकिटांचाही पत्ता लागला. एक शाळेच्या अधीक्षिका बाईंनी मागून घेतलं होतं. एक एका लहान मुलीच्या हातात होतं, ती त्याची बाहुलीसाठी उशी करून बसली होती. आणि तिसरं फोडून हॉलच्या कोपऱ्यात जिथे पत्रा गळत होता, तिथे अंथरलं होतं. माल चांगला होता. पाणी धरून ठेवत होता.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. एवढं भांडून आणलेली वस्तू, आणि यांना किंमत नाही. मी तरातरा कमलताईंकडे गेले. कमलताई गावित म्हणजे पाड्याची आशा. आशा म्हणजे आरोग्य खात्याची गावातलीच कार्यकर्ती, जिला प्रत्येक घरातलं बाळंतपण आणि ताप माहीत असतो. पन्नाशीची बाई, बारीक अंगाची, फार बोलत नाही.

"कमलताई, तुमच्या बायांनी सगळं परत केलं. जरा समजावून सांगा त्यांना."

"काय सांगू?"

"अहो, स्वच्छता, जंतू. तुम्हाला ट्रेनिंग झालंय ना?"

"झालंय ना," त्या म्हणाल्या आणि तांदूळ निवडत राहिल्या.

दुपारी हॉलमध्ये पंगत बसली. मी डोकी मोजत होते, कारण जेवणाची डोकी कधी जुळली नाहीत तर पहिला प्रश्न मलाच येतो. एक कमी. मंजुळाची मुलगी आजीजवळ बसून भात खात होती. मंजुळा नव्हती.

आजीला विचारलं, तर तिने बाहेर बघितलं. कमलताईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि छत्री न घेताच निघाल्या. मी त्यांच्यामागे. रस्त्यात चिखल पोटरीपर्यंत. धापा टाकत दोरीपर्यंत पोहोचलो. भाऊसाहेब एका झाडाखाली डबा खात होते. त्यांना काहीच पत्ता नव्हता. आणि तेवढ्यात वरच्या बाजूने, भेगेच्या बरोबर खालून, मंजुळा उतरताना दिसली. छातीशी काहीतरी घट्ट धरलेलं.

भाऊसाहेबांचा घास तसाच राहिला. "ए बाई, अक्कल आहे का? वर डोंगर फाटलाय आणि तू घरी गेलीस? कशाला गेली होतीस?"

मंजुळा दोरीखालून वाकून अलीकडे आली. "कोंबड्या बघाया."

"कोंबड्यांसाठी जीव देशील?"

भाऊसाहेबांनी आणखी बरंच ऐकवलं, आणि त्यात चूक काही नव्हती. मीही दोन शब्द सुनावले. आम्ही तिघी परत निघालो, मंजुळा पुढे, आम्ही मागे. शाळेच्या फाटकाशी आल्यावर कमलताई हळूच म्हणाल्या, "मॅडम, तिच्याकडं कोंबड्या नाहीत."

"म्हणजे?"

"नाहीच. एक पण नाय. फडकी आणाया गेली व्हती. कणगीच्या मागं, भिंतीच्या फटीत ठेवलेली असत्यात."

मी जागेवरच उभी राहिले. तिने छातीशी धरलेलं गाठोडं मी बघितलं होतं. मला वाटलं होतं, तांदूळ असतील.

संध्याकाळी कमलताईंनी मंजुळाला स्टोअरच्या खोलीत आणलं आणि दार लावलं. मंजुळा तिकडची कोकणी बोलते, गोव्याची नव्हे, सुरगाणा-पेठकडची. मला अर्धं कळत होतं, अर्धं कमलताई सांगत होत्या. मी पहिला प्रश्न विचारला तो अगदी परचेसवालीसारखा.

"मालात काय खराबी आहे?"

"खराब नाय," कमलताई म्हणाल्या. "ती सांगते, चांगली आहे. पण चिकटवायची कशाला? आत चड्डी घालतो कोण? आमच्यात कमरेला नाडा, त्याला फडका. ही पट्टी नाड्याला राहते का?"

मी यादी समोर ठेवली होती. अकरा वस्तू. त्या पट्टीला आधार देणारी वस्तू यादीत नव्हती. कारखान्यात असं केलं असतं, म्हणजे बोल्ट मागवला आणि नट मागवलाच नाही, तर मला माझ्या साहेबांनी दारात उभं केलं नसतं.

"आणखी?"

"टाकायची कुठं? इथं खड्डा नाय, चूल बायांच्या हाती नाय. बाहेर टाकली तर कुत्रं ओढून हॉलमधी आणणार. सगळी बघणार."

"आणखी?"

या वेळी मंजुळा स्वतः बोलली, आणि ते मला कमलताईंच्या मदतीशिवाय कळलं. ती म्हणाली, "तुम्ही सासऱ्यापुढं हाक मारली."

आवाजात तक्रार नव्हती. मी विचारलं म्हणून तिने सांगितलं. पण मला फार लाज वाटली. कळवणला आमच्या घरी मी स्वतः फडकीच वापरली होती, बारावीपर्यंत. आई ती परसात दोरीवर वडिलांच्या टॉवेलखाली वाळत घालायची, म्हणजे बाहेरून नुसता टॉवेल दिसे. पावसाळ्यात वाळायची नाहीत, तेव्हा दमट घालून शाळेत जायचो. कुठल्या नातेवाइकाने त्या पाकिटाचं नाव मोठ्याने घेतलं असतं, तर मी विहिरीत उडी टाकायला जागा शोधली असती. हे सगळं मला माहीत होतं. मीटिंगमध्ये सहा पुरुषांना गप्प करण्याच्या नादात मी मलाच विचारायचं विसरले होते.

"मंजुळा," मी म्हणाले, "आता आणलीस ती किती दिवस पुरतील?"

तिने कमलताईंकडे बघितलं. तीन फडकी होती. एक वापरात. धुवायची कुठे? शाळेच्या न्हाणीघरांना दारं आहेत, कड्या नाहीत. बाया साडी आडवी धरून कशातरी आंघोळ उरकत होत्या. धुतली तरी वाळत घालायची कुठे? हॉलमध्ये सगळी गावची माणसं. म्हणून ती उद्या परत जाणार होती. पाड्याखालच्या ओहोळावर धुणार, घरात चुलीवर वाळवणार, आणि पंगत बसली की निघणार. पंगतीच्या वेळी कोणाचं लक्ष नसतं, असं तिचं गणित होतं. आणि तिच्यासारख्या आणखी चौघीजणी उद्या जायचं म्हणत होत्या. आज ही सुखरूप आली म्हणून त्यांना धीर आला होता.

मला वाटतं, त्या वेळी मला आधी घाम फुटला आणि मग डोकं चालायला लागलं. हुकूम काढून उपयोग नव्हता. हुकूम होताच की, दोरीसकट.

सरांना फोन लावला. रेंज शाळेच्या झेंड्याच्या कट्ट्यावर उभं राहिलं की मिळते.

"सर, मला सकाळी पेठच्या बाजारातून काही घ्यायचंय. यादीबाहेरचं."

"घ्या. काय?"

"चड्ड्या. कड्या, दाराला लावायच्या. झाकणाच्या बादल्या. गडद रंगाचं सुती कापड. नाड्या."

"बरं. वाटप नेहमीसारखं सही घेऊनच ना?"

"नाही सर. सही नाही, नाव नाही, उघडून मोजणं नाही."

"मॅडम, हा नियम तुमचा आहे."

"हो. तो माझाच आहे म्हणून मी मोडते आहे."

"मग ऑडिटला काय दाखवायचं?"

मी त्यांना मंजुळाचं सांगितलं. दोरी, भेग, नसलेल्या कोंबड्या. सर इंजिनिअर आहेत हे त्या दिवशी उपयोगी पडलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "भेगेच्या खाली बरोबर? पाणी आत जातंय का?" मी म्हणाले, जातंय. "उद्या कोणीही तिथे जाता कामा नये," ते म्हणाले. "ऑडिटचं मी बघतो."

सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी कमलताईंना घेऊन पेठला दुकानाच्या पायरीवर बसले होते. दुकानदाराने शटर वर केलं.

"चड्ड्या दाखवा, बायकांच्या. सुती."

"साइज?"

"सगळ्या."

"किती?"

"किती आहेत?"

त्याने आमच्याकडे नीट बघितलं. "मॅडम, समोर दुकान टाकताय का?"

"नाही. तुमचं रिकामं करतोय."

कमलताईंनी पांढऱ्या सगळ्या बाजूला काढल्या. डाग दिसतो म्हणाल्या. मग कापड. मी सुती कापडाचा एक ताका काढून हात फिरवला आणि म्हणाले, उत्तम, हेच द्या. कमलताईंनी पदराआडून माझा हात दाबला.

"मॅडम, नवं कापड नको. त्याला खळ असते. चार पाण्यातून काढल्याबिगर ते ओढत नाही. नुसतं घसरतं."

अठ्ठावीस वर्षं परचेसमध्ये काढली आणि कापडाची खळ मला कमलताईंनी शिकवली. जुनं, मऊ, बऱ्याचदा धुतलेलं सुती कापड पाहिजे होतं, आणि ते बाजारात मिळत नाही. ते घरात असतं. आणि या चौसष्ट कुटुंबांची घरं दोरीपलीकडे होती.

ते मिळालं शाळेतच. अधीक्षिका बाईंच्या कपाटात वसतिगृहाच्या जुन्या चादरींचा गठ्ठा पडून होता. विरलेल्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. मी बघितल्याबरोबर हात घातला.

"त्या डेड स्टॉकमध्ये आहेत," त्या म्हणाल्या. डेड स्टॉक म्हणजे निकामी झालेल्या पण रीतसर निकालात न काढलेल्या वस्तू. त्या वापरता येत नाहीत आणि टाकताही येत नाहीत. "कमिटी येऊन बघेपर्यंत मला फाडता येणार नाही."

"कमिटी कधी येते?"

"माझ्या आधीच्या बाई वाट बघत रिटायर झाल्या."

मी त्यांना सांगितलं की चादरी फाडल्या तरी त्या डेड स्टॉकच राहतात, फक्त नग वाढतात. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कपाटातून कात्री काढली आणि पहिली चादर स्वतः टरकावली. चांगली बाई. पाकीट घेणारी एकटी तीच होती, ते उगाच नव्हतं.

मग सगळं दुपारच्या आत उरकलं. शाळेच्या शिपायाने न्हाणीघरांना आतून कड्या बसवल्या. स्टोअरच्या खोलीला मागच्या बाजूने स्वयंपाकघराची भिंत होती, चुलींची धग लागून ती कायम कोमट असे. तिथे आम्ही किटमधल्याच दोऱ्या बांधल्या, खिडकीला किटमधलीच ताडपत्री लावली. दोरीवर आधी फडकी आणि वरून गडद पातळ कापड, म्हणजे कोणी चुकून डोकावलं तरी नुसतं कापड दिसावं. आईचा टॉवेल मला शेवटी उपयोगी पडला. कोपऱ्यात झाकणाच्या दोन बादल्या. शाळेमागे खड्डा, त्यावर पत्रा आणि दगड, कुत्र्यांसाठी.

वाटप खोलीच्या आत कमलताईंनी केलं. दारावर मी. माझं काम एवढंच की पुरुषांना तिकडे फिरकू द्यायचं नाही, आणि ते मला चांगलं जमतं. बाया एकेक करून आत गेल्या. पिशवी बंद. कोणी काय घेतलं, किती घेतलं, मी बघितलं नाही. हात रजिस्टरसाठी शिवशिवत होते, ते मी मांडीखाली घेऊन बसले.

एक गंमत सांगायची राहिली. वसतिगृहातल्या मोठ्या मुली दुपारी दाराशी घुटमळायला लागल्या. त्यांना फडकी नको होती. त्यांना पॅडच पाहिजे होते, शाळेत त्या तेच वापरत होत्या. एकसष्ट पाकिटं त्यांनी दोन दिवसांत संपवली. तेव्हा पॅड वाईट आणि कापड चांगलं, असं मी म्हणत नाही. कोणाला काय लागतं ते विचारलं नव्हतं, एवढंच म्हणते.

चौथ्या दिवशी पंगत बसली. मी डोकी मोजली. सगळी होती. मंजुळा मुलीला भरवत होती. भाताची दुसरी फेरी चालू असताना बाहेर खडीची गाडी रिकामी करावी तसा आवाज झाला आणि बराच वेळ चालू राहिला. सगळे उठून व्हरांड्यात आले. भेगेखालचा मातीचा पट्टा सरकून खाली आला होता. फार मोठं काही नाही, पेपरात चार ओळी आल्या. एक गोठा गेला आणि तीन घरांच्या मागच्या भिंती आत आल्या. त्यातलं मधलं घर मंजुळाचं. कणगी, भिंत, भिंतीतली फट, सगळं मातीखाली. घरात कोणी नव्हतं.

पेपरातल्या चार ओळींत जीवितहानी नाही असं होतं. ते बरोबरच होतं. मी मात्र व्हरांड्याच्या खांबाला धरून उभी होते. ती निघायची ती याच वेळेला. पंगत बसली की.

मंजुळा माझ्या शेजारीच होती. तिने घराकडे बघितलं, मग मुलीचं तोंड पुसलं आणि तिला घेऊन परत पानावर जाऊन बसली.

आता आमच्या यादीत दोन पिशव्या आहेत. पहिली घरातल्या कोणालाही मिळते, उघडून, मोजून, सही घेऊन. टॉर्चवर माझा अजून विश्वास नाही. दुसरी नाडीची, गडद निळ्या कापडाची. तिच्यात धुतलेलं मऊ कापड, चड्ड्या, नाड्या, साबण, वाळवायचा दोर, वरून टाकायचं कापड, झाकणाची लहान बादली, आणि पाहिजे असेल तिला पॅड. ती त्या गावचीच बाई आतल्या खोलीत देते. रजिस्टरमध्ये तिच्यासमोर नावाचा आणि सहीचा रकाना नाही, फक्त किती पिशव्या गेल्या तो आकडा. पिशव्या ठेवायच्या आधी आम्ही शाळेच्या न्हाणीघरांच्या कड्या तपासतो. हे काम सरांनी स्वतःकडे घेतलं आहे. खिशात स्क्रूड्रायव्हर घेऊन फिरतात.

पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याच पाड्यावर मॉक ड्रिल घेतली. मॉक ड्रिल म्हणजे खोटी धावपळ. भोंगा वाजला की लोकांनी दहा मिनिटांत लागेल तेवढं घेऊन निघायचं आणि शाळेत जमायचं. लोक कोणी पेटी, कोणी कागदपत्रं, कोणी शेळी घेऊन आले. भाऊसाहेब तेच, हातात यादी आणि या वेळी कर्णा. मंजुळा आली ती मुलीचा हात धरून, दुसरा हात मोकळा.

भाऊसाहेबांना ती आठवत होती. ते कर्ण्यातूनच म्हणाले, "काय गं, काहीच घेतलं नाहीस? या वेळी कोंबड्या कुठं आहेत?"

पुरुष हसले. मंजुळा थांबली. तिने सासऱ्याकडे बघितलं, कमलताईंकडे बघितलं.

"कोंबड्या नव्हत्याच भाऊसाहेब," ती म्हणाली. "तवाही नव्हत्या. पाळीची फडकी आणाया गेले व्हते. आता ती शाळेत हायेत."

तिने आवाज चढवला नव्हता, पण कर्णा चालू होता आणि ती त्याच्या अगदी जवळ उभी होती, त्यामुळे ते पाडाभर ऐकू गेलं. भाऊसाहेबांनी कर्णा खाली केला. यादीत तिच्या नावापुढे खूण केली आणि म्हणाले, "बरं. हो पुढं."

ती पुढे गेली. मी माझ्या वहीत लिहिलं, लागलेला वेळ सात मिनिटं, मागे फिरलेले शून्य.